विषय: रेंजर की एफ-150? (मखराची पॅनेलं धरून)

गुरुवार, रात्री 10:50. प्रसाद (नोव्हाय, मिशिगन)

मंडळी, नमस्कार.

शनिवारी सकाळी डीलरला हो-नाही कळवायचंय, म्हणून घाईत लिहितोय. व्हॅनची लीज संपली. मंडळाच्या सामानाचं खातं माझ्या गळ्यात पडलं तेव्हाच पुढची गाडी पिकअप, हे घरी ठरलं होतं. आता प्रश्न एवढाच की फोर्डची मिडसाइज रेंजर एक्सएलटी घेऊ, की त्यांचीच मोठी एफ-150 सुपरक्रू (चार दारांची), साडेपाच फुटी बेडवाली, म्हणजे मागचा उघडा हौदा तेवढा.

माझा कल रेंजरकडे आहे आणि त्याचं कारण गॅरेज. भिंतीपासून दारापर्यंत 20 फूट आहेत, पण समोर पायऱ्या आणि फ्रीझर. टेप लावून बघितलं, मोकळी जागा 18 फूट 2 इंच. रेंजर भरते 17 फूट 7 इंच, एफ-150 19 फूट 4 इंच. म्हणजे एक तर फ्रीझर बेसमेंटमध्ये जाणार, नाहीतर गाडी जानेवारीत बाहेर राहणार. फ्रीझर हलणार नाही असं मला सांगण्यात आलं आहे.

अडचण मखराची. पॅनेलं 4 बाय 8 ची. पाच फुटी बेडमध्ये बसतील का? कोणी रेंजरमधून प्लायवूड नेलंय का? गणपतीआधी सामान हॉलवर न्यायचं आणि नंतर परत आणायचं, एवढंच जड काम. बाकी वर्षभर ऑफिस आणि कॉस्टको.

"ट्रकच कशाला" हा विषय कृपया नको, तो घरी झालाय.

प्रसाद

गुरुवार, रात्री 11:15. अजय

एफ-150 घे, विषय संपव.

गाडी बाहेर राहिली तर काय बिघडतं? 2015 पासून एफ-150 ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. इथे रस्त्यावर कितीही मीठ ओता, दारं-फेंडर गंजत नाहीत. फ्रेम स्टीलची आहे, तिला दर वर्षी ऑक्टोबरात फवारा मारून घ्यायचा. रेंजरची बॉडी बहुतेक स्टीलची, तेव्हा गॅरेजची गरज तिलाच जास्त.

आणि मिडसाइज घेतली की पेट्रोल वाचतं ही निव्वळ अंधश्रद्धा. रेंजरचं 2.3 लिटरचं इंजिन आणि एफ-150 चं 2.7 चं, दोन्हींचे ईपीएचे (सरकारी मायलेजचे) आकडे शेजारी ठेव. गॅलनला मैल-दीड मैलाचा फरक, फार तर दोन. तेवढ्यासाठी तू मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसणार का? आईबाबा उन्हाळ्यात येणार आहेत ना?

माझ्याकडे एक्स-प्लॅनचा (फोर्डवाल्यांनी ओळखीच्यांना द्यायच्या सवलतीचा) एक पिन शिल्लक आहे. सांग.

शुक्रवार, सकाळी 7:05. मंजिरी

अजय, तो पिन तू गेल्या पिकनिकपासून वाटतोयस.

प्रसाद, लांबीचं टेन्शन घेऊ नकोस, रुंदी बघ. पॅनेल फाळक्याबाहेर फूट-सव्वा फूट आलं तर पट्टे आवळून, लाल फडकं बांधून नेता येतं. खरा प्रश्न दोन व्हील वेलच्या (बेडमध्ये चाकांवर येणाऱ्या फुगवट्यांच्या) मधल्या जागेचा. तिथे 48 इंच मिळाले तर पॅनेल तळाला सपाट बसतं. नाही मिळाले तर व्हील वेलवर तरंगतं, आणि आय-96 हायवेवर वारा खालून शिरला की पुढे काय होतं ते सांगायला नको.

मिडसाइजमध्ये 48 इंच देणाऱ्या दोनच. 2024 पासूनची नवी रेंजर, तीही केसभर जास्त, आणि होंडाची रिजलाइन. टॅकोमा देत नाही, फ्रंटियर देत नाही, आणि मी पगार जीएमकडून घेते ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते, आमची कोलोरॅडोही देत नाही. कोलोरॅडो 7,700 पाउंड ओढते, रेंजर 7,500. पण पॅनेलला त्याचं काय?

त्यापेक्षा महत्त्वाचं: डीलरकडे जी रेंजर उभी आहे तिच्यावर ट्रेलर टो पॅकेज आहे का? विंडो स्टिकर वाच. नसेल तर 7,500 विसर, ती फक्त 3,500 ओढते. हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) बाहेरून बसवून मिळतो, पण म्हणून गाडीची मर्यादा वाढत नाही. सेल्समन आपण होऊन हे सांगणार नाही.

शुक्रवार, सकाळी 8:40. श्रीधरकाका

चि. प्रसाद, अनेक आशीर्वाद.

तुम्ही मुलं ज्याला मिडसाइज म्हणता त्याला आमच्या वेळी कोणी मिडसाइज म्हटलं नसतं. माझ्याकडे जुनी रेंजर होती, सिंगल कॅब, सात फुटी हौदा, हाताचे गिअर. पुढे तीन माणसं मांडीला मांडी लावून. तिच्यातून मी मंडळाच्या पहिल्या मखराची फळी, स्पीकर, आणि एकदा तर पुरणपोळ्यांची पातेली आणली आहेत. 2011 च्या शेवटी कंपनीने ती इथे बंदच केली, "लहान ट्रक कोणाला हवाय" म्हणून. मग 2019 मध्ये परत आणली, फुगवून. नव्वदच्या दशकातली आखूड हौद्याची सिंगल कॅब एफ-150 तुझ्या आजच्या रेंजरपेक्षा लांबीला कमी होती, हवं तर मोजून बघ. सगळी लांबी मागच्या सीटने खाल्ली, हौदा बिचारा पाच फुटांवर आला.

लहान ट्रक इथे का मिळत नाहीत याचं मूळ कोंबडीत आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून जॉन्सनसाहेबांनी उलट परदेशी ट्रकवर 25 टक्के लावली. 1964 पासून ती आहे. कोंबडीचं भांडण केव्हाच मिटलं, ट्रकवरची जकात गेली नाही. पुण्यात गल्लीबोळातून छोटा हत्ती फिरतो, विसर्जनाला अख्खं मंडळ त्याच्यात मावतं. इथे तसलं काही आणायची सोय नाही.

असो. रेंजर घे. निदान वेनला बनते, आपल्या अंगणात.

श्रीधरकाका

शुक्रवार, सकाळी 9:20. अजय

काका, एफ-150 डिअरबॉर्नला बनते. तेही अंगणच.

शुक्रवार, सकाळी 9:32. मंजिरी

>> निदान वेनला बनते

हा टोमणा कोलोरॅडोला होता हे मला कळलं. ती मिसूरीत बनते, आणि मिसूरी अमेरिकेतच आहे, काका. :)

शुक्रवार, सकाळी 10:10. नंदाताई (सजावट)

नमस्कार.

मखराबद्दल चर्चा चालू आहे आणि सजावट समितीला कोणी विचारलेलं नाही, ही नेहमीचीच गोष्ट आहे.

पॅनेलं 4 बाय 8 ची नाहीत. प्लाय 4 बाय 8 चा आहे. त्याला चारही बाजूंनी लाकडी पट्टी ठोकली आहे आणि एका कडेला बिजागऱ्या आहेत, कारण गेल्या वर्षी मखर घडीचं करा असा आग्रह कार्यकारिणीनेच धरला होता. माझ्याकडच्या एका पॅनेलला आत्ता टेप लावली: रुंदी 49 आणि पाऊण इंच, बिजागरी धरून. तेव्हा ते 48 इंचांचं गणित आमच्या मखराला लागू नाही.

आणि व्हील वेलवर तरंगत वगैरे कोणी नेऊ नये. सोनेरी कागद एकदा फाटला की तसा परत मिळत नाही. तो दादरहून आणलाय.

नंदा

शुक्रवार, सकाळी 10:25. अजय

एफ-150 मध्ये साडेपन्नास इंच मिळतात. बोलणं संपलं.

शुक्रवार, दुपारी 12:15. प्रसाद

ताई, समितीला विचारायचं राहून गेलं. टेप लावलीत, आभारी आहे.

अजय, साडेपन्नासात पावणेपन्नास घालायचं म्हणजे दोन्हीकडे मिळून पाऊण इंच. बिजागरी बेडच्या लायनरला घासणार नाही याची हमी तू देतोस का? आणि पॅनेलं एकावर एक रचली की मधल्या पट्ट्या मखरावरच टेकतात, सोनेरी कागद तसाही जाणार. म्हणजे मोठी गाडी घेऊनही हा प्रश्न सुटत नाही, फक्त गॅरेजचं दार बंद होत नाही.

मंजिरी, स्टिकर वाचला. टो पॅकेज नाही.

शुक्रवार, दुपारी 12:40. विवेक (खजिनदार)

दोन मुद्दे.

1. सभासदाने स्वतःची गाडी कोणती घ्यावी हा मंडळाचा प्रश्न नाही, आणि तिचं पेट्रोल हाही नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे सप्टेंबरात वाद नको.

2. प्रसाद, तुझा साइड बिझनेस अजून चालू असेल तर आयकराचं सेक्शन 179 बघ, धंद्याच्या गाडीवरची कपात. 6,000 पाउंडांच्या वर जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) असलेल्या एसयूव्हीला कपातीची वेगळी कमाल मर्यादा आहे. पिकअपचा बेड आतून निदान सहा फूट असेल तर ती मर्यादा लागत नाही. तू बघतोयस त्या दोन्ही गाड्यांचा बेड सहा फुटांखाली. अर्थात वापर निम्म्याहून जास्त धंद्यासाठी पाहिजे, आणि मखर हा धंदा नाही.

शुक्रवार, दुपारी 12:52. अजय

179 साठी एफ-150 साडेसहा फुटी बेडवाली घे! सुपरक्रूमध्ये मिळते.

शुक्रवार, दुपारी 12:58. प्रसाद

ती वीस फुटांहून लांब आहे, अजय. घरच विकायला लागेल.

शुक्रवार, दुपारी 1:30. रोहन (ढोल पथक)

ढोल कशात जाणार? गेल्या वर्षी तुमच्या व्हॅनमध्ये निम्मे गेले होते. उघड्या बेडमध्ये आम्ही ढोल देणार नाही, पावसात पानं (ढोलाची कातडी) उतरतात. टोनो कव्हर (बेडवरचं सपाट झाकण) टाकलं तर ढोल उभा राहत नाही. सामानाचा विचार करताना पथकाला मोजत चला.

शुक्रवार, दुपारी 2:05. मंजिरी

सगळे गाडीच्या बेडमध्ये सामान कोंबायच्या मागे का लागलेत कळत नाही. मखर, ढोल, पडदे, सगळं बंद ट्रेलरमध्ये घाला की. यू-हॉलचा भाड्याचा 6 बाय 12 चा बंद ट्रेलर रिकामा 1,920 पाउंड, भरून जास्तीत जास्त 4,400. त्यात पॅनेलं कडेवर उभी राहतात, मध्ये ब्लँकेटं घालायची, भिंतीच्या कड्यांना बांधायची. कागद शाबूत, ढोल कोरडे. एका फेरीत काम.

म्हणजे प्रसादने बेडची लांबी-रुंदी सोडून द्यावी. त्याला वर्षातून एकदा 4,400 पाउंड ओढणारी आणि रोज गॅरेजात मावणारी गाडी हवी. टो पॅकेजवाली रेंजर दोन्ही करते. बिनपॅकेजवाली दुसरंच करते. एफ-150 पहिलंच करते.

शुक्रवार, दुपारी 2:20. अजय

3,500 मध्येही बसवता येईल. सामान किती, दीड हजार पाउंड? 1,920 अधिक 1,500 म्हणजे 3,420. 80 पाउंड उरतात. डीलरकडची आहे तीच घे, पिन वापर, मोकळा हो.

(हो, रेंजरला पिन चालतो. मी एवढा कडवा नाही.)

शुक्रवार, दुपारी 2:31. मंजिरी

80 पाउंड म्हणजे रोहनच्या पथकातलं एक पोर ट्रेलरमध्ये चढलं की संपले. आणि दीड हजार हा आकडा कुठून आणलास? प्लायवूडच्या मखराचं वजन कधी केलंय कोणी?

शिवाय ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी हिचवर खाली दाबतो, तो गाडीच्या पेलोडमध्ये (गाडीने अंगावर पेलायच्या वजनात) धरायचा. साडेतीन-चारशे पाउंड तिथे गेले. वर चार माणसं, बेडमध्ये जनरेटर. प्रसाद, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती ते लिहिलेलं असतं. जाहिरातीतला आकडा धरू नकोस. त्या गाडीचा तिथला धर.

शुक्रवार, दुपारी 3:00. मॉडरेटर

मंडळी, ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. गाड्यांची चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न्यावी ही विनंती. कोजागिरीच्या मसाला दुधाची नोंदणी अजून अपुरी आहे, त्या मेलला कोणीही उत्तर दिलेलं नाही.

शुक्रवार, दुपारी 3:20. श्रीधरकाका

व्हॉट्सअ‍ॅपवर मी नाही.

ट्रेलर ओढायला सोपा, मागे घ्यायला अवघड. हॉलच्या मागच्या दाराशी कचऱ्याच्या पेटीपाशी गाडी वळत नाही. तिथे लांब गाडीवाल्यांची फजिती मी स्वतः उभा राहून बघितली आहे. चालवणारा जागच्या जागी पुढे-मागे करतो आणि बाकीचे वीस जण हात हलवतात. प्रसाद, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेव. हात जिकडे नेशील तिकडे ट्रेलरचं ढुंगण जाईल. आणि हात हलवणारा माणूस एकच ठेव.

मसाला दूध दोन कप.

शुक्रवार, रात्री 8:45. प्रसाद

तिघांशी फोनवर बोललो, डीलरला दोनदा.

टो पॅकेजवाली रेंजर टोलीडोच्या बाजूला एका डीलरकडे आहे, आमचा डीलर बदली करून देतो म्हणाला. रंग पांढरा, घरी निळा हवा होता, त्याची वाटाघाट चालू आहे. दाराच्या स्टिकरचा फोटो मागवला, मंजिरीला पाठवलाय. तिने चार माणसं, जनरेटर आणि हिचचा दाब धरून बेरीज केली, बसतं म्हणाली.

आज एफ-150 पण चालवून बघितली, अजयने सोडलंच नाही. मागची सीट म्हणजे दिवाणखाना आहे, खोटं कशाला बोलू. पण ऑफिसच्या पार्किंग रॅम्पमध्ये दोन खांबांच्या मध्ये लावली तर माझं दार जेमतेम वीतभर उघडलं. मी पोट आत घेऊन उतरलो, आई कशी उतरणार? तिथेच ठरलं.

अजय, पिन पाठव.

रोहन, ढोल ट्रेलरमध्ये, सगळ्यात शेवटी चढतील, सगळ्यात आधी उतरतील. पथकाची दोन माणसं चढवायला हवीत, नुसते निरोप नकोत.

शुक्रवार, रात्री 9:10. नंदाताई (सजावट)

ट्रेलरमध्ये पॅनेलं उभी ठेवायची तर बिजागऱ्यांची कड वर. ब्लँकेटं धुतलेली आणा. चढवताना मी तिथे असेन.

शुक्रवार, रात्री 9:25. विवेक (खजिनदार)

ट्रेलरचं एका दिवसाचं भाडं मंजूर. दुसऱ्या दिवशी परत केला तर तो दिवस ज्याने उशीर केला त्याचा. पावती त्याच आठवड्यात, फोटो चालेल, पण अंगठा आकड्यावर नको.

शुक्रवार, रात्री 9:31. अजय

पिन पाठवला. पांढराच घे, इथल्या मिठात पांढरा बरा दिसतो.