समुद्रात पोहणारी मुलगी आणि अमेरिकेतलं कॉलेज, तयारी कुठून सुरू करायची?

चिवल्याची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही मालवणचे. लेकीची यंदा दहावी झाली, स्टेट बोर्ड, ९३ टक्के. सहा वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर चिवल्याच्या समुद्रात पोहते, ५ किलोमीटरला दोनदा नंबर आलाय. आता डोक्यात एकच, हार्वर्ड नाहीतर येलच्या टीममध्ये पोहायचं. एका एजंटला फोन केला तर म्हणतो ४ लाख भरा, स्पोर्ट्स स्कॉलरशिप पक्की. आमचं छोटं होमस्टे आहे, सीझन बरा गेला तर वर्ष निघतं, एवढे पैसे म्हणजे सोनं मोडावं लागेल. या वाटेने कोणी गेलंय का?

भाट्ये_बाबा
ताई, सोनं मोडू नका. आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येल ज्या गटात आहेत त्या गटाच्या, आठही कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, त्यामुळे पक्की म्हणणारा तुम्हाला फसवतोय. तिथे मदत मिळते ती घरचं उत्पन्न बघून, आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन तर परदेशी मुलांचं ॲडमिशन ठरवतानाही फी भरता येईल की नाही हे बघत नाहीत. कोच काय करू शकतो, तर ॲडमिशन ऑफिसला सांगतो की ही मुलगी मला टीममध्ये हवी, आणि त्या शब्दाला वजन असतं, पण मार्क हवेतच.

माझा मुलगा डिव्हिजन ३ च्या (तिकडे कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्या असतात, हार्वर्ड-येल डिव्हिजन १ मध्ये) एका कॉलेजात पोहतो म्हणून पाण्यातलं सांगतो. समुद्रातल्या ५ किलोमीटरच्या टाइमवरून कोचला काही कळत नाही, वारा नि करंट रोज वेगळा. कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांच्या पूलमध्ये असतात, सगळ्यात लांबची १६५० यार्ड, म्हणजे ६६ लांब्या आणि ६५ वेळा भिंत. समुद्रात भिंत कुठून येणार! आमचा पोरगा भाट्याच्या समुद्रात तासभर दमायचा नाही, पण पूलमध्ये टर्न मारला की पाय भिंतीला नुसते टेकायचे, गुडघे वाकून जोर लागायचाच नाही, बाजूच्या लेनमधली पोरं दर भिंतीला हातभर पुढे जायची. सहा महिने तेवढंच केलं, टाचा सोलवटून घेतल्या. तेव्हा तुम्ही ४०० आणि १५०० मीटरचे अधिकृत स्पर्धेतले टाइम आणा, त्यावरून कोच ५०० आणि १६५० यार्डांचा अंदाज बांधतात. व्हिडिओ बाजूने काढा, स्टार्ट, टर्न आणि पाण्याखालची किक स्वच्छ दिसू दे, वर गाणं नको.

वेंगुर्ल्याची_मावशी
कोचला मेल मुलीनेच लिहायचा हां, बाबांनी नाही आणि एजंटने तर नाहीच. कोचला पोरीशी बोलायचं असतं. अमेरिकेत डिव्हिजन १ चे स्विमिंग कोच दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत उत्तर देऊ शकत नाहीत, नियमच तसा आहे, तिची ती तारीख झाली असेल तर आजच लिहायला बसवा. चार ओळी पुरे, टाइम, मार्क, व्हिडिओची लिंक आणि त्याच कॉलेजात का यायचंय. उत्तर नाही आलं तर नवीन टाइम झाला की परत लिहायचं.

आणि नववीचा निकाल शाळेतून सही-शिक्क्यानिशी आत्ताच घेऊन ठेवा. तिकडे नववी ते बारावी चारही वर्षं धरतात, डिव्हिजन १ साठी १६ मुख्य विषय आणि सरासरी ४ पैकी किमान २.३ लागते, आयव्हीला तर त्याच्या खूप वर पाहिजे. मराठीतला कागद असेल तर मूळ प्रत नि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही. अकरावीत गणित सोडू देऊ नका.

चिवल्याची_आई
देव बरें करो दोघांचं. टर्नचं वाचून ती गप्पच झाली, म्हणाली आई माझं हेच होतं. पूल एसटीने तासभर लांब आहे, रविवारी पहिल्या गाडीने जातोय, बाबा कडेला बसून व्हिडिओ काढणार. भाट्ये बाबा, टर्नचा तुकडा टाकला तर बघाल का?

भाट्ये_बाबा
टाका ताई, मुलालाही दाखवतो. भिंतीपासून पहिले पाच मीटर नीट येऊ देत.