जुलैत क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारला, मॉडेलचं विमान ताकासारखं पांढरं झालं. काय करू?

खानापूरचा_पाऊस

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, कणकुंबीच्या वाटेवर आमचं घर. जुलैत इथं चड्डी-बनियनसुद्धा चुलीवरच्या दोरीवर वाळवावी लागते. हे आधीच सांगतो, कारण पुढं कुणीतरी हवेचं विचारणारच.

मामासाठी मिग-२१ लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल करतोय, १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. मामा हवाई दलात होता. सुरुवातीचं ट्रेनिंग आपल्या सांबऱ्याला, नंतरची बरीच वर्षं मिगच्या पोटाखाली हातात पाना घेऊन. २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा आम्ही टीव्हीसमोरच होतो. सगळे भावुक झालेले आणि मामा मात्र आवाज ऐकून 'आता आफ्टरबर्नर लावला बघ' एवढंच म्हणाला. माझं मॉडेल त्याच्या काळातल्या मिगच्या प्रकाराचं, टाइप ७७, म्हणजे एफएल, चंदेरी रंगाचं. गणपतीला मामा घरी येणार. तोवर द्यायचंय.

रंग तामिया कंपनीचा एक्सएफ-१६, फ्लॅट (म्हणजे मॅट) ॲल्युमिनियम, एअरब्रशनं, म्हणजे हवेनं रंग फवारणाऱ्या छोट्या पेनानं मारला. तो छान बसला. मग उजव्या पंखावर हवाई दलाच्या तिरंगी चक्राचं डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, लावलं. रात्री बरं दिसत होतं. सकाळी बघतो तर केशरी-पांढऱ्या-हिरव्याच्या भोवती जी पारदर्शक कड असते ती पांढुरकी, चमचमणारी, गोगलगाय फिरून गेल्यासारखी. वाचल्यावर कळलं की डिकलच्या आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत क्लिअर, मारायला हवा होता.

म्हणून बेळगावात गेलो, एका हार्डवेअरच्या दुकानात 'क्लिअर लॅकर' लिहिलेला स्प्रेचा डबा मिळाला. संध्याकाळी पडवीत उभा राहून डावा पंख आणि शेपटी मारली. बाहेर पाऊस. दहा मिनिटांत सगळं ताक. पुसून बघितलं, जात नाही.

विमान वाचेल का? आणि ग्लॉस नक्की कुठला घेऊ? एअरब्रश ०.३ मिलिमीटर तोंडाचा आहे, छोटा कॉम्प्रेसर आहे. बजेट फार नाही.

उद्यमबाग_टर्नर

पहिलं म्हणजे पुसणं बंद कर. वॉटर पेपर तर हातातच घेऊ नको. वाचेल विमान.

झालं काय ते सांगतो. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं. उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पंख गार पडतो. उन्हाळ्यात गार पाण्याच्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम येतो बघ, तसाच घाम ओल्या लॅकरवर येतो आणि वरचा थर आवळला की आतच अडकतो. पांढरं दिसतंय ते रंग नव्हे, अडकलेलं पाणी. गाड्यांचे रंगारी याला 'ब्लश आला' म्हणतात. आमच्या उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पावसाळ्यात एन सी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारणारा प्रत्येक जण हे एकदा तरी बघतो.

उपाय असा. पाऊस उघडलेला दिवस बघ, दुपारी बारा ते तीनमधला. हळू उडणारं थिनर घे, मिस्टर कलर या ब्रँडचं लेव्हलिंग थिनर सगळ्यात बरं, त्यात रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य, असतोच. नुसतं थिनर एअरब्रशनं लांबून, वीतभर अंतरावरून, धुक्यासारखं एकदा फिरव. ओलं दिसता कामा नये. थर परत थोडा मऊ होतो, पाणी निघून जातं, आणि पांढरेपणा तुझ्या डोळ्यादेखत विरतो. पण तुझा खालचा रंग तामियाचा आहे, त्यालाही हे थिनर विरघळवतं. जास्त मारलंस तर ॲल्युमिनियमचे कण वाहून ढग दिसतील. म्हणून आधी पंखाच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात.

आता क्लिअर कुठला. लोक यावर भांडतात, मी भांडत नाही. तुझ्यासारख्याला तामियाचा एक्स-२२. अल्कोहोलवर चालणारं ॲक्रिलिक आहे, खालच्या एक्सएफ-१६ शी जमतं. त्याच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये निम्मं-निम्मं पातळ करून चालतं, पण लेव्हलिंग थिनरमध्ये केलंस तर काचेसारखं सपाट बसतं. हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय. पहिले दोन हात अगदी कोरडे, नुसता शिडकावा. दहा-पंधरा मिनिटं थांबून तिसरा हात जरा ओला. ओला म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब दिसेल इतपत, ओघळेल इतका नाही. एक्स-२२ ची खोड एकच, जाड मारला तर आठवडाभर बोटाला चिकटतो.

मिस्टर कलरचा जीएक्स-१०० क्लिअर जास्त कडक होतो, नंतर घासून पॉलिश करायला तोच बरा, गाडीच्या मॉडेलला मी तोच घेतो. पण तो लॅकर आहे, डिकलवर ओला बदाबदा मारलास तर डिकल सुरकुततं.

गॅरेजवाला मित्र असला की तो म्हणेल 'आण इकडं, हार्डनरवाला टू-के (दोन भाग मिसळायचा गाडीचा क्लिअर) मारून देतो.' नको. एक तर त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, तोंडाला फडकं बांधून भागत नाही. दुसरं जाडीचं. मी व्हाइसमध्ये पकडलेल्या जुन्या पत्र्यावरचा क्लिअर सोलून मायक्रोमीटरनं मोजला होता. ०.०५ मिलिमीटर भरला. गाडीला ठीक. १/७२ ला त्याचा हिशेब कर, खऱ्या विमानावर ३.६ मिलिमीटरचं काचेचं कवच! पॅनेलच्या रेघा सगळ्या बुजणार.

कोपल वार्निश किंवा फर्निचरचं तेलाचं वार्निश तर अजिबात नको. वर्षभरात चक्रातल्या पांढऱ्याला हळद लागते.

आणि तुझ्या कॉम्प्रेसरला पाण्याचा सापळा, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी बाटली, आहे का? असला तर कुठं लावलाय?

खानापूरचा_पाऊस

लई आभार काका. सापळा आहे, कॉम्प्रेसरला चिकटूनच आहे.

उद्यमबाग_टर्नर

तिथंच चुकतंय. कॉम्प्रेसरमधून हवा गरम निघते. गरम हवेत पाणी वाफ होऊन बसलेलं असतं, सापळ्यातून सरळ निघून जातं. पुढं नळीत गार झाली की थेंब होतो, आणि तो थेंब तुझ्या पंखावर. सापळा एअरब्रशच्या बाजूला लाव, मध्ये चार-पाच मीटर नळी वेटोळी करून ठेव.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. वर्कशॉपच्या मोठ्या कॉम्प्रेसरवर एकदा मुलाच्या जीपच्या मॉडेलला क्लिअर मारला. घरचा काढायचा कंटाळा. पहिला हात मारताच बोनेटवर बारीक बारीक खळगे, देवीच्या वणासारखे, क्लिअर तिथून मागं सरकून बसला. फिशआय. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमधलं तेल हवेतून आलेलं. मग टाकीच्या बुडाचा कॉक उघडला तर चहाच्या रंगाचं पाणी, अर्धी वाटी, वर तेलाचा तवंग. पोरानं विचारलं, 'पप्पा, हे जीपला पाजलंत?' ती जीप अजून तशीच आहे. तेव्हापासून रोज सकाळी कॉक उघडल्याशिवाय मी यंत्र चालू करत नाही, आणि मॉडेलसाठी वर्कशॉपची हवा तर नाहीच.

निपाणी_करकरीत

खानापूरकर, विमान घेऊन निपाणीला या. आमच्याकडं तंबाखू वाळतो, विमान वाळणार नाही होय? फक्त नाकाला रुमाल लावा.

शहापूर_रंगारी

मी मॉडेलवाला नाही, गणपती रंगवतो, घरचाच धंदा. आत्ता हंगाम ऐन भरात, रात्री दीडला हे लिहितोय. टर्नर काकांचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली.

चंदेरी आणि सोनेरीवर क्लिअर मारायच्या आधी दहा वेळा विचार करावा. मुकुटाला सोनेरी मारून वर वार्निश मारलं की सोन्याचं पितळ होतं, हे आमच्या घरातलं पोरगंही सांगेल. धातूच्या रंगात कण आडवे पडलेले असतात, त्यांच्यावरून उजेड परततो. वर थर आला की ती चमक दबते. म्हणून आम्ही पितांबर चकचकीत करतो, मुकुट तसाच सोडतो, आणि अंगाला मॅट. एकाच मूर्तीत तीन तऱ्हा.

आता तुमचं डिकल का पांढरं पडलं? मॅट रंग दिसतो सपाट, पण भिंगाखाली बघा, खडबडीत, डोंगर-दऱ्या. डिकल डोंगरांच्या माथ्यावर बसतं, दऱ्यांत हवा राहते, ती हवा चकाकते. म्हणजे तुम्हाला ग्लॉस नको आहे, सपाटी हवी आहे. तुमचा रंग फ्लॅट ॲल्युमिनियम नसून गुळगुळीत चंदेरी असता तर क्लिअरची गरजच पडली नसती. आता तो मारलाय तर पूर्ण विमान झाकू नका. जिथं डिकल बसणार तेवढ्याच जागी पातळ एक्स-२२. मग डिकल. मग सगळीकडं एकच अगदी हलका हात, म्हणजे ठिगळं दिसणार नाहीत. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर. अर्ध्या चमच्यावर क्लिअर, अर्धा तसाच, आणि दिवसा उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. ट्यूबलाइटखाली आमचे सगळे गणपती सुंदर दिसतात.

उजव्या पंखावरचं चक्र काढू नका. बारीक सुईनं पांढुरक्या भागात टोचून बारीक भोकं पाडा, वरून मायक्रो सोल, म्हणजे डिकल मऊ करणारं द्रावण, लावा. डिकल मऊ होऊन दरीत उतरतं. सुरकुतलेलं दिसेल, घाबरू नका, हातही लावू नका. वाळलं की ताणून बसतं.

अजून एक. आम्ही पावसात खोका करतो. पुठ्ठ्याचा मोठा खोका, आत ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, वरच्या बाजूला दोन भोकं. मातीच्या हातांना, सोंडेला तो पुरतो. तुमचं प्लॅस्टिक आहे, आत ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, थर्मामीटर ठेवा. क्लिअर मारायच्या आधी विमान अर्धा तास त्यात ठेवून कोमट करून घ्या, कोमट पंखाला घाम येत नाही. मारताना मात्र बल्ब बंद, खोक्याबाहेर, खिडकी उघडी. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब यांची गाठ घालू नका. मारून झाल्यावर बाहेरच दोन तास, वास गेल्यावर मगच आत.

खानापूरचा_पाऊस

उशिरा लिहितोय, माफ करा. मध्ये नऊ दिवस नुसता पाऊस पडुलालता.

ब्लश गेला! दहाव्या दिवशी दुपारी दीड तास ऊन पडलं, तेवढ्यात लेव्हलिंग थिनर लांबून फिरवलं. खालच्या कोपऱ्यातला पांढरेपणा असा विरला की मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिनं 'बरं' म्हटलं. डाव्या पंखाच्या टोकाला मात्र दुसरा हात जरा जास्त झाला, काका म्हणाले तसाच ढग आला, नखाएवढा. तिथं परत ॲल्युमिनियम मारला.

चमच्यावर करून बघितलं आणि रंगारी दादांचं खरं निघालं. क्लिअरवाली बाजू गडद, शिशासारखी. म्हणून फक्त डिकलच्या जागी मारला, वर शेवटचा एकच हात. सुई आणि मायक्रो सोलनं उजवं चक्र बसलं, आता दोन्हीत कुठलं पहिलं ते मलाही सांगता येत नाही. सापळा पुढं हलवला, नळी बादलीभोवती गुंडाळली. पहिल्याच दिवशी सापळ्यात बोटाच्या पेराएवढं पाणी.

परवा मामाला राहवलं नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'नाकाचा हिरवा कोन का चकचकीत केलास? तो कधी चमकत नव्हता. त्याच्यावर आम्ही कधी फडकंसुद्धा मारलं नाही.' शेवटचा हात मी नाकावरूनही फिरवला होता.

म्हणजे आता बाकीचं झाकून नाकावर मॅट मारायचा. झाकायला तामियाची पिवळी टेप चंदेरीवर चालेल का, की रंग उपटून येईल?

उद्यमबाग_टर्नर

आधी टेप चार वेळा पँटीला लावून उपट, चिकटपणा कमी होऊ दे. मग लाव. काढताना सरळ वर ओढू नको, स्वतःवरच दुमडून काढ. आणि शेवटचा हात मारून आठवडा झाला नसला तर थांब. गणपतीला अजून वेळ आहे.

शहापूर_रंगारी

तुम्हाला वेळ आहे. माझे अजून अकरा गणपती डोळ्यांच्या आखणीवाचून उभे आहेत.