सव्वा महिना झाला, बाळाची कावीळ उतरत नाही

रानजाई: मुलगी आज ३६ दिवसांची. तिसऱ्या दिवशी कावीळ झाली म्हणून दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवली होती. मी माहेरी, जुन्नरजवळ आहे. आई रोज कोवळ्या उन्हात धरते, तरी डोळे पिवळेच. अंगावर छान पिते, वजन वाढतंय. सगळे म्हणतात आईच्या दुधाची कावीळ, जाईल. शेजारच्या काकू माळ घालायला सांगतात. फक्त शी पांढरट होते आणि लंगोटावर पिवळे डाग पडतात. थांबू का अजून?

सोनचाफा२१: माझ्या मुलाची दीड महिना होती, आपोआप गेली. पण त्याची शी हळदीसारखी पिवळी असायची. पांढरी कधीच नाही.

कृष्णाकाठ: रानजाई, थांबू नकोस गं. ‘फक्त’ म्हणून जे लिहिलंस ना, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

माझ्या लेकीचं असंच होतं. बाळसं धरलेलं, हसरी, आणि शी भिजवलेल्या शाडूसारखी. सासूबाईंनी दुपटं उजेडात धरून दाखवलं, तरी मी म्हटलं दूध पचत नसेल. आमच्या डॉक्टरांनीही महिनाभर ऊनच सांगितलं. त्या महिन्याचं मला आजही वाईट वाटतं.

शीला पिवळा रंग पित्तामुळे येतो. तो नाही म्हणजे पित्त आतड्यात उतरत नसेल. मग ते रक्तात साठतं आणि लघवीतून जातं, म्हणून डाग. एवढ्या लहान बाळाची लघवी पाण्यासारखी हवी. या काविळीला ना ऊन लागू पडतं ना माळ.

उद्याच रक्त तपासायला दे. नुसतं टोटल बिलिरुबिन (काविळीचा एकूण पिवळा रंग) नको, ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ही, म्हणजे त्यातला यकृतानं पित्तातून बाहेर टाकायला तयार केलेला भाग, मागून घे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल तर ते बघायलाच हवं. आईच्या दुधाच्या काविळीत डायरेक्ट वाढत नाही.

माझ्या लेकीच्या पित्तनलिका बंद होत्या, बिलिअरी अ‍ॅट्रेशिया. ५२व्या दिवशी कासाई ऑपरेशन झालं, जपानच्या डॉ. मोरिओ कासाईंच्या नावाचं. आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. ६० दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता जास्त. पुढे कित्येक मुलांना यकृत बदलावंही लागतं, ते लपवत नाही. माझी आता साडेचार वर्षांची आहे, स्वतःच्याच यकृतावर.

तुझ्या बाळाला हेच असेल असं नाही. पण तुझ्याकडे अजून दिवस आहेत.

रानजाई: रिपोर्ट आला. टोटल ९.४, डायरेक्ट ६.१. इथले डॉक्टर म्हणाले, लगेच पुण्याला मुलांच्या सर्जनकडे जा. पहाटे निघतोय. आई रडतेय.

कृष्णाकाठ: आईला सांग, तिच्या उन्हानं काही बिघडलं नाही. शीचा लंगोट न धुता पिशवीत घालून ने, फोटोत रंग नीट येत नाही. व्हिटॅमिन के देणार का, विचार. पित्त नसलं की ते अंगात मुरत नाही आणि रक्तस्राव होऊ शकतो. सोनोग्राफीला उपाशी लागतं, तेव्हा किती वेळ आधी पाजायचं थांबवायचं ते आजच फोन करून विचार. पोचलीस की लिही. मी जागी आहे.