जक्कल टोळीचा पहिला खून

भाऊ, पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खटल्याबद्दल (१९७६-७७ मधल्या दहा खुनांचं प्रकरण) "पकडलं अन् वर्षभरात लटकवलं" असं तुम्ही वर लिहिलंय, ते तसं नाही. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह हे चौघे मार्च १९७७ मध्ये सापडले आणि येरवड्यात फासावर गेले २७ नोव्हेंबर १९८३ ला. सुप्रीम कोर्टापर्यंत सगळं झालं.

मला जास्त हादरवतो तो पहिला खून, जानेवारी १९७६ चा. ओळखीतलाच पोरगा, कॉलेजजवळच्या हॉटेलवाल्याचा. त्याच्याकडून घर सोडून चाललोय अशी चिठ्ठी लिहून घेतली, गळा आवळला, प्रेत पिंपात घालून तळ्यात सोडलं आणि वर बापाकडे खंडणी मागितली! ते पिंप निघालं टोळी सापडल्यावर. तोवर आणखी नऊ माणसं गेली होती. शेवटचं प्रेत शिडीला नायलॉनच्या दोरीनं बांधून नदीत टाकलेलं. ते वर आलं आणि तिथून धागा लागला.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, पुण्याहून कोसो दूर. तरी ऐन वेचणीत यष्टीनं पेपर आला की पानठेल्यावर मोठ्यानं वाचला जायचा, बाबा सांगतात. घरात कापूस भरलेला असल्यानं कडीकुलूप तसंही बघायचेच. १९७६ च्या त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर कुणी हाक मारली की आजी आतूनच म्हणायची, "कोनी बी असो, आंधी नाव सांग म्हना त्याले." उगाच नाही. पुण्यात जोशी आणि अभ्यंकर या दोन्ही घरांत हे खुनी दार फोडून शिरले नव्हते, घरच्यांनीच उघडलं होतं.