गोदामात एलपीजी फोर्कलिफ्टचा सिलिंडर बदलायची नीट पद्धत कोणती? (सांगली)

कुपवाडचा गोदामवाला:
नमस्कार मंडळी. हळदीच्या गोदामासाठी जुना, एलपीजीवर चालणारा फोर्कलिफ्ट घेतलाय. आजवर डिझेलचाच वापरला. गॅस संपला की ड्रायव्हर तिथंच, पोत्यांच्या थप्पीला लागून सिलिंडर बदलतो. काल म्हणाला, घरचा सिलिंडर उलटा करून नळीनं ह्यात भरू, पैसे वाचतील. मला पटलं नाही. कुणी माहितगार सांगेल का?

मिरज एमआयडीसी फोरमन:
दादा, त्याला आधी थांबवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहेच, पण त्याहून मोठा धोका भरण्यात आहे. सिलिंडर ८० टक्केच भरायचा असतो. उन्हात आतला द्रव फुगतो, त्याला जागा लागते. नळीनं भरणाऱ्याला हा अंदाज येत नाही. एजन्सीकडून फोर्कलिफ्टचाच भरलेला सिलिंडर आणा.

बदलायचं काम बाहेर, उघड्यावर करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, गटारात साचतो. आपल्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, उघडल्या उघडल्या कुणी उतरत नसे ना, तसाच खोलगट जागेचा धाक इथंही ठेवा.

हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू असतानाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नळीतला गॅस जळून इंजिन आपोआप बंद पडेल. मग चावी काढा. कातडी हातमोजे घालूनच कपलिंग, म्हणजे नळीचा जोड, सोडवा. ह्या गॅसमधला प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो. एकदा माझ्या बोटांवर फवारा आला, कातडी पांढरी पडली आणि भाजल्यासारखा फोड आला.

नवीन सिलिंडर आडवा ठेवताना कॉलरचं, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्याचं, भोक गाडीवरच्या खिळीत बसलंच पाहिजे. तरच सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला राहतो. व्हॉल्व्ह हळू उघडा, जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गाडी चालू करायची नाही.

तासगावची ताई:
आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. बंद खोलीत एलपीजीची गाडी नकोच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. आम्ही आत बॅटरीचीच गाडी वापरतो. आणि रिकामे सिलिंडरही उभे, व्हॉल्व्ह बंद करून बाहेर ठेवा, त्यांत थोडा गॅस उरतोच.

कुपवाडचा गोदामवाला:
फोरमनसाहेब, ताई, मनापासून आभार. आज स्वतः बघितलं. भोक खिळीत बसलंच नव्हतं, सिलिंडर चार बोटं फिरलेला. कपलिंगची रबरी रिंगही चिरलीय. हार्डवेअरच्या दुकानातली चालेल का?

मिरज एमआयडीसी फोरमन:
नाही. नळाची रिंग गॅसला टिकत नाही. एलपीजीचीच घ्या, आणि तोवर सिलिंडर उतरवून गाडी उभी ठेवा.