उन्हाळ्यात छोट्या मंडळीने रविवार सोडून बाकी सगळं बंद ठेवावं का?

मागचा बाक (धागाकर्ता)

आडवळण न घेता मांडतो. सगळे आले तरी चाळीस-पन्नास माणसं भरतात, अशा चर्चच्या मंडळीबद्दल बोलतोय. उन्हाळ्याची सुट्टी लागली की निम्मी घरं बाहेरगावी जातात. तरी बुधवारची प्रार्थनासभा, बायबल अभ्यास, महिला मंडळ, तरुण संघ, गायनाचा सराव, संडे स्कूल, सगळं चालूच. वर सुट्टीतली बायबल शाळा. आणि हे सगळं ओढणारी माणसं कोण? तीच पाच-सहा. जी बाई खडू-फळा घेऊन मुलांना शिकवते, तीच संध्याकाळी महिला मंडळाचा वृत्तांत लिहिते आणि रविवारी दारात उभी राहून गीतपुस्तकं वाटते.

माझा प्रस्ताव असा: शाळांना सुट्टी आहे तेवढे आठवडे फक्त रविवारची उपासना. बाकी सगळ्याला कुलूप. आजारपण, मयत, अडचण यासाठी पाळक म्हणजे आपले पास्टर आणि मंडळीचे वडीलजन आहेतच, ते काही पळून जात नाहीत.

बायबलमध्ये मार्क 6:31 काढून बघा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा येशूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असं सांगितलं. ‘आणखी एक सभा घेऊ या’ असं नाही सांगितलं. गणना 8 मध्ये तर लेव्यांना, म्हणजे उपासनेच्या कामासाठी नेमलेल्या वंशाच्या लोकांना, पन्नासाव्या वर्षी नेहमीच्या कामातून मोकळं करायची आज्ञा आहे. पुढे त्यांनी हाताखाली मदत करावी, पण ओझं नाही उचलायचं. आमच्याकडे पन्नाशीनंतरच माणूस कमिटीत जुंपला जातो!

बोला.

जुना चिटणीस

धागाकर्ते, मार्क 6 उघडलाच आहे तर 31 वर बोट ठेवून थांबू नका, पुढे वाचा. ते मचव्यात बसून निघाले, लोकांनी ओळखलं, सगळ्या गावांतून पायी धावत त्यांच्या आधी पोचले. येशूला त्यांचा कळवळा आला, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होते. मग शिकवण, मग पाच हजारांचं जेवण. गेली सुट्टी! गर्दी बघून मचवा मागे वळवला असता तर तो चमत्कार कुठून झाला असता?

इब्री 10:25 पण आहे. आपलं एकत्र मिळणं सोडू नका, ‘कित्येकांची ती चालच आहे’ असं त्यात म्हटलंय. एकदा सोडलं की चाल पडते, मला तीच भीती आहे. मी वर्षानुवर्षं हजेरीपट लिहिलेत. उन्हाळ्यात थांबवलेला बायबल अभ्यास पावसाळ्यात सुरू होत नाही. ‘पुढच्या महिन्यापासून बघू’ होतं, मग नाताळ येतो.

मागचा बाक

चिटणीससाहेब, तुम्हीही चव्वेचाळीसाव्या वचनावर थांबलात. पंचेचाळीस-शेहेचाळीस वाचा. जेवण उरकताच येशूने शिष्यांना ताबडतोब मचव्यात बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेला गेला. लोकांना निरोप दिला! हे आपल्याला कधी जमणार? आपण ‘या, या’ म्हणायला तयार, ‘आता जा’ म्हणायला कुणाची जीभ वळत नाही.

कीबोर्डवाली

दोघांचं वचनयुद्ध झालं असेल तर जरा कामाचं बोलते.

मी उपासनेत कीबोर्ड वाजवते. म्हणजे काय होतं सांगू? सगळी मंडळी पुढे बघत असते, मी आडवी बसून पाळकांच्या हाताकडे बघत असते, कुठल्या कडव्याला थांबवतील त्याचा नेम नाही. प्रभुभोजनाला सगळे रांगेत येतात तेव्हा मी मागे हळू सूर धरून असते. सगळे जागेवर गेले की पाळक माझ्याकडे येतात, मी डावा हात पट्ट्यांवर ठेवून उजव्याने भाकर घेते. माझ्या मुलांशेजारी बाकावर बसून अख्खी उपासना ऐकल्याचं मला आठवत नाही.

आता तुमचा प्रस्ताव बघा: ‘रविवार सोडून’ बंद. माझं सगळं काम रविवारीच आहे! दारात पुस्तकं वाटणारीचंही, खुर्च्या लावणाऱ्याचंही, पाळकांचंही. मग विसावा मिळाला कुणाला? बुधवारी नुसतं येऊन बसणाऱ्यांना?

मला बंद नको, पाळी हवी. 1 इतिहास 24 मध्ये याजकांचे चोवीस वर्ग पाडले आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या अबीयाच्या वर्गातला. लूक म्हणतो की वर्गाच्या पाळीप्रमाणे तो मंदिरात सेवा करत होता. म्हणजे त्याची पाळी नव्हती तेव्हा तो घरी होता आणि मंदिर चालूच होतं. उन्हाळ्यात काही रविवार वाद्याशिवाय गाऊ या. बेसूर होईल, होऊ दे.

युतुखाचा मित्र

बेसुरावर +१. आणि प्रवचनाची पाळी कुणी लावणार? प्रेषितांची कृत्ये 20: प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो पौल होता म्हणून पोरगं जिवंत झालं. आमच्याकडे पंखा एक, खिडक्या चार आणि प्रवचनाला तीन मुद्दे, प्रत्येकाला तीन उपमुद्दे. उन्हाळ्यात किमान उपमुद्द्यांना सुट्टी द्या.

एकटीच

इथे कधी लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

ज्यांचं घर सुट्टीत भरतं त्यांनी हा प्रस्ताव मांडलाय. माझं भरत नाही. मुलगा परदेशात आहे, मिस्टर गेले. उन्हाळ्यात शेजारची दारंही बंद असतात, जिन्यात पाऊल वाजत नाही. बुधवारच्या सभेला सात-आठ खुर्च्या गोल मांडतो आणि कुणीतरी विचारतं, गुडघा कसा आहे. रविवारी कोण विचारतं हो? आशीर्वाद झाला की सगळे आपापल्या गाडीकडे. दारात पाळक हात हातात घेतात खरे, पण त्यांची नजर मागच्या माणसावर गेलेली असते. दोष नाही देत, रांग असते.

तुम्ही म्हणता अडचण असेल तर पाळक आहेत. अहो, मला अडचण नाही. पाळकांना फोन करून काय सांगू, ‘आज कुणाशी बोलले नाही’? असं कुणी फोन करून सांगत नाही.

दहा आज्ञांमधली शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा बायबलमध्ये दोनदा दिली आहे. निर्गम 20 मध्ये कारण दिलंय की देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद 5 मध्ये कारण वेगळं: तू मिसरात दास होतास हे आठव, आणि तुझ्या दासाला, दासीला, तुझ्या गावातल्या उपऱ्यालाही तुझ्यासारखा विसावा मिळू दे. म्हणजे विसावा ठरवताना आधी दुसऱ्याचं बघायचं.

पाळकाचा मुलगा

ताई, तुमचं वाचून थांबलो जरा. पण दुसरी बाजूही सांगायला हवी.

आमच्या घरी सुट्टी म्हणजे बाबांचा फोन. आई-बाबा, आम्ही दोघं, सामान बांधून स्टेशनवर उभे, आणि कुणाचा तरी फोन की कमिटीत वाद झालाय, आलात तर बरं. बाबा जायचे. आई आमच्याबरोबर गाडीत बसायची. मंडळीला हे कधी कळलंही नसेल, कारण बाबांनी कधी ‘नाही’ म्हटलं नाही. मी आज चर्चला जातो, पण कमिटीत ये म्हटलं की अंगावर काटा येतो.

निर्गम 18 मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला सांगतो: हे तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. ‘लोकही’ शब्द महत्त्वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायासाठी ताटकळत उभे तेच होते ना. पाळकाला सुट्टी नाही म्हणजे मंडळीचं भलं झालं, असं नसतं.

तेव्हा बुधवार चालू ठेवायचा तर ठेवा, पण पाळकाविना. आणि हे लेखी ठरवा. तोंडी ठरलेली पाळकाची सुट्टी म्हणजे सुट्टी नव्हेच.

कॅथलिक शेजारी

लेखी म्हणालात म्हणून. आमच्या 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, हे लिहिलेलंच आहे. कॅनन 533 प्रमाणे पॅरिश प्रीस्टला, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य फादरना, वर्षातून जास्तीत जास्त एक महिना सुट्टीसाठी बाहेर राहता येतं, सलग किंवा तुकड्या-तुकड्यांनी. वार्षिक रिट्रीटचे (एकांतातल्या प्रार्थना-मननाचे) दिवस त्यात धरत नाहीत. आठवड्यापेक्षा जास्त दिवस जायचं तर बिशपला कळवायचं, आणि मागे लोकांची सोय कशी व्हावी याचे नियम बिशपने घालून द्यायचे. फादर गेले म्हणून मिस्सा, म्हणजे आमची उपासना, बंद झाली, असं होत नाही. दुसरे फादर येतात.

अर्थात आमच्याकडे दुसरे फादर पाठवणारा बिशप आहे. तुमची मंडळी स्वतंत्र असेल तर पाठवणार कोण, हा प्रश्न खरा.

जुना चिटणीस

शेजारी, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. म्हणूनच मी म्हणतो की छोट्या मंडळीला मोठ्यांची चैन परवडत नाही.

खजिनदार

परवडण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. उन्हाळ्यात अर्पण खाली येतं. माणसं बाहेरगावी, त्यांची पाकिटंही बाहेरगावी. वीजबिल आणि पाळकांचा पगार मात्र सुट्टीवर जात नाहीत. कार्यक्रम बंद करून वीज वाचेल, हा हिशेब कुणी मांडू नये, दोन ट्यूबलाइट आणि एका पंख्याची बचत ती काय. जाण्याआधी पुढच्या महिन्यांचं देऊन जा, एवढीच विनंती. बाकी चर्चा चालू द्या.

संडे स्कूलवाला

सुट्टीतल्या बायबल शाळेला धागाकर्त्यांनी ‘वर’ म्हणून झटकलं, ते बोचलं. ही कल्पना निघाली कशी ते तरी बघा. न्यूयॉर्कमध्ये 1898 साली मिसेस हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी अशी शाळा भरवली. 1901 पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती शहरात पसरवली. त्यांची मांडणी सोपी होती: उन्हाळ्यात मुलं रिकामी, चर्चच्या इमारती रिकाम्या आणि कॉलेजचे विद्यार्थीही रिकामे, मग तिघांची गाठ घालून द्या. म्हणजे ज्या सुट्टीत तुम्ही कुलूप लावायला निघालात, त्याच सुट्टीसाठी ही शाळा जन्मली. आमच्याकडे आठवडाभर येणाऱ्या मुलांत निम्मी मंडळीबाहेरची असतात. वर्षभरात दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला बाहेरचा माणूस फिरकतो, सांगा बरं?

मागचा बाक

तुमच्याच तोंडून उत्तर आलं. ‘विद्यार्थीही रिकामे’! शिकवणारा रिकामा हवा, ही त्या मांडणीतली अटच होती. आपण फक्त मुलं आणि इमारत घेतली, आणि वर्षभर दमलेली तीच शिक्षिका पुन्हा उभी केली. शिवाय त्याच्याही आधी, 1874 मध्ये, अमेरिकेतच शटॉक्वा तलावाकाठी उन्हाळी मेळावा सुरू झाला तो संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी. म्हणजे शिकवणाऱ्याने उन्हाळ्यात चार दिवस झाडाखाली बसून स्वतः शिकावं, ही कल्पना मुलांच्या शाळेपेक्षा जुनी आहे. ती आपण सोयीस्करपणे विसरलो.

शाळा घ्या, पण वर्षभर शिकवणाऱ्या एकाही शिक्षकाला हात लावायचा नाही. कॉलेजची मुलं चालवतील तर माझी हरकत नाही. नाही चालवली तर एक वर्ष होणार नाही, आभाळ कोसळत नाही.

एकटीच ताई, तुमचं म्हणणं मी टाळत नाहीये. पण बुधवारची सभा तुम्हाला माणसांसाठी हवी आहे, कार्यक्रमासाठी नव्हे. प्रस्तावना, गीत, वाचन, मनन, साक्ष, आभार एवढं सगळं कुणीतरी तयार करायचं, तेव्हा तुमचा गुडघा विचारला जाणार. ही फार लांबची वाट आहे. गुडघा सरळही विचारता येतो.

नवखी

बाहेरून एक. नोकरीची बदली झाली की घर बदलणं शाळांच्या सुट्टीतच जमतं. आम्ही नव्या शहरात आलो तेव्हा ऐन उन्हाळा होता. एका चर्चच्या फळ्यावर ‘सर्व कार्यक्रम सुट्टीनंतर’ लिहिलेलं होतं, खाली ना तारीख ना फोन. दुसऱ्या ठिकाणी बायबल अभ्यासाला चार म्हातारी माणसं होती, अभ्यास यथातथाच, पण त्यांनी नाव विचारलं आणि शाळा कुठल्या चांगल्या तेही सांगितलं. आम्ही तिथेच जातो अजून. तुम्ही बंद ठेवायचं ते ठेवा, फळ्यावर कुणाचा तरी नंबर लिहा.

एकटीच

गुडघा सरळ विचारता येतो म्हणता, विचारत मात्र कुणी नाही. कार्यक्रम असला की निदान निमित्त होतं. पण प्रस्तावना नि आभार मलाही नकोत, त्यात तुमच्याशी वाद नाही.

निर्गम 23 मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितलंय. नांगरायचं नाही, पेरायचं नाही. पण आपसूक उगवेल ते गरिबांनी खावं, असंही तिथेच आहे. शेताला कुंपण घालून कुलूप लावा असं नाही. तेव्हा नांगरट बंद करा, माझी ना नाही. किल्ली माझ्याकडे द्या. बुधवारी सहा वाजता दार उघडीन, खुर्च्या मांडीन. कुणी स्तोत्र वाचलं तर वाचलं. नवखी, माझा नंबर फळ्यावर लिहायला सांगते.

जुना चिटणीस

किल्ली देण्याचा अधिकार कमिटीला आहे आणि कमिटीची बैठक सुट्टीनंतर आहे.

पाळकाचा मुलगा

हेच ते. हेच म्हणत होतो मी.

मागचा बाक

चिटणीससाहेब, दुसरी किल्ली तुमच्याच खिशात असते, मंडळीतल्या पोरासोरांना माहीत आहे. द्या ती ताईंना. बैठकीत विषय मी मांडतो, विरोधात मत द्यायचं तर तेव्हा द्या. माझा प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही. दार उघडं राहू दे, पण त्या बुधवारचा वृत्तांत लिहायचा नाही, हजेरी घ्यायची नाही, आणि ‘उपस्थिती वाढते आहे तर एखादा वक्ता बोलावू’ असं कुणी सुचवलं तर त्याच क्षणी कुलूप.

जुना चिटणीस

हजेरी तरी घ्यायला हवी. निदान आकडा.

कीबोर्डवाली

आकडा घ्या नाहीतर घेऊ नका. बुधवारी गाणी म्हणणार असाल तर आत्ताच सांगून ठेवते, मी येईन ती खुर्चीत बसायला. कीबोर्डवरचं आवरण काढलेलं दिसलं तर दारातूनच परत.