मदत हवी आहे: स्टेरिंग फिरवलं की घूंऽऽ आवाज, रविवारी निघायचंय

कोयनाकाठी
गाडी वळवताना घूंऽऽ असा आवाज येतोय. पार्किंगमधून काढताना अख्खी सोसायटी गॅलरीत येते. मेकॅनिक म्हणतो स्टेरिंगचा पंप गेला, नवा टाका, साडेतेरा हजार. रविवारी पहाटे कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचंय, आई बरोबर आहे. पंप बदलावाच लागेल का? जरा लवकर सांगा.

पान्हापक्कड
गाडी कोणती? किती साली घेतलेली? स्टेरिंगचं ऑईल किती आहे? आवाज फक्त वळवतानाच, की उभ्या गाडीतही? लवकर सांगा म्हणताय, पण हाताशी काही दिलंच नाहीत.

कोयनाकाठी
सात सीटर डिझेल, २०११. मॉडेल सांगत नाही, लगेच कंपन्यांवरून भांडणं लागतात इथे. ऑईल आहे, भरलंय.

वीजवाहन
म्हणून इलेक्ट्रिक स्टेरिंग घ्यावं. ना पंप, ना बेल्ट, ना ऑईल. माझ्या गाडीत सहा वर्षांत टिचकीएवढा आवाज नाही. जुनी काढून टाका, किती दिवस ओढणार?

पान्हापक्कड
गाडी विकू का, असं कुणी विचारलेलं नाही.

नाना_वर्कशॉपवाले
३१ वर्षं हेच केलं. बेल्ट ढिला आहे, दुसरं काही नाही. इंजिन चालू ठेवून बेल्टवर थोडं पाणी शिंपडा, हात लांब ठेवून. आवाज बदलला की समजा बेल्टच. हल्लीच्या पोरांना आधी पार्ट बदलायचा असतो.

पान्हापक्कड
नाना, बेल्ट घसरला तर कुईंऽ करतो, तोही फुल कट (स्टेरिंग पार टोकापर्यंत) मारल्यावर. हे घूंऽऽ म्हणतायत.

नाना_वर्कशॉपवाले
लिहिलेल्या घूं आणि कुईंवर निदान करता तुम्ही? धन्य.

मंजुळा_कोथरूड
माझ्या गाडीतही वळवताना आवाज यायचा. स्टेरिंगचं सगळं बदलून झालं, शेवटी निघालं पुढच्या शॉकअपच्या वरचं माउंटिंग. नीट ऐका, कट-कट आहे का?

कोयनाकाठी
कट-कट नाही हो. घूं लिहिलंय ना.

जुगाडू
स्टेरिंग ऑईलच्या डब्यात थोडं ब्रेक ऑईल टाका. माझ्या मेव्हण्याने टाकलं, आवाज गायब.

पान्हापक्कड
कृपा करून हे करू नका!! स्टेरिंगमधली रबरी सीलं खनिज तेलाला धरून बनवलेली असतात. ब्रेक ऑईल ग्लायकॉलचं, त्यात ती फुगतात आणि मऊ पडतात. मग पंप, रॅक (चाकं वळवणारा भाग), पाईप सगळ्यांचंच बघावं लागेल. मेव्हण्यांना सहा महिन्यांनी विचारा.

धागाकर्ते, "भरलंय" म्हणजे कुणी, कधी, कोणतं? झाकणावर काय छापलंय? बऱ्याच गाड्यांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल, डेक्सरॉन वगैरे) चालतं, काहींना कंपनीचंच लागतं. आणि पाच मिनिटं गाडी चालवून, इंजिन बंद करून झाकण उघडा. काय दिसतं ते लिहा.

कोयनाकाठी
झाकणावर डेक्सरॉन लिहिलंय, तेच टाकलं, मीच. महिन्यात दोनदा. आत्ता बघितलं, लाल ऑईलची पार सोलकढी झालीय, गुलाबी फेस. इंजिन बंद केल्यावर पातळी बोटभर वर आली. हे नॉर्मल आहे का?

पान्हापक्कड
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ऑईलमध्ये हवा जातेय. पंप तेलाऐवजी फेस ओढतो म्हणून घुमतो. चालू असताना हवा दाबलेली राहते, बंद केलं की फुगते, म्हणून पातळी वर आली. डब्यातून पंपाकडे जाणारा जाड पाईप आणि त्याच्या क्लिपा बघा. गेल्या महिन्यात तिथे कुणी हात घातला होता?

कोयनाकाठी
रेडिएटर काढला होता. त्याचा काय संबंध?

पान्हापक्कड
😐

नाना_वर्कशॉपवाले
हवा आत जाते तर ऑईल बाहेर गळायला नको का? खाली डाग कुठाय?

पान्हापक्कड
तो ओढणारा पाईप आहे नाना, दाबाचा नाही. चालू असताना आत खेचतो, त्यामुळे ठिबकलं तरी नुसती ओल येते. दोनदा टॉपअप लागलं, म्हणजे थोडंफार जातच असणार. दुरुस्तीनंतर पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. इंजिन बंद ठेवून स्टेरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. पातळी खाली जाईल तसं ऑईल घाला. बुडबुडे थांबले की मग स्टार्टर. फुल कटवर धरून ठेवू नका, पंपावर पूर्ण दाब येतो.

वीजवाहन
एवढी कसरत! आमच्याकडे असलं काही...

मंजुळा_कोथरूड
अवांतर: चिपळूणला घाटाखाली बरी थाळी कुठे मिळते? पुढच्या महिन्यात जातोय.

कोयनाकाठी (शनिवार रात्र)
क्लिप बोटाने फिरत होती. पाईप काढला तर तोंडाशी नखाएवढी चीर, रेडिएटरच्या वेळी पकडीने ओढला असणार. लांबी पुरत होती म्हणून तेवढा तुकडा कापून परत बसवला, नवी क्लिप ४० रुपये. हवा काढायला दीड तास गेला, खांदे भरून आले. आवाज गेला. सकाळी थंड असताना दोन मिनिटं बारीक घुमतो. मेकॅनिक अजून पंपावर ठाम.

पान्हापक्कड
तो अगदीच चुकीचा नाही. महिनाभर फेसावर चालल्यावर पंप थोडा झिजलेला असू शकतो. पाईप नंतर नवाच टाका. उद्या घाट उतरण्याआधी हेळवाकला थांबून पातळी बघा. घाटात पंपाची मदत गेली तरी स्टेरिंग वळतं, पण वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

नाना_वर्कशॉपवाले
बेल्टही बघून घ्या. सांगून ठेवतो.

कोयनाकाठी (रविवार)
पोचलो. हेळवाकला पातळी जशीच्या तशी, फेस नाही. नाना, बेल्टवर चिरा आहेत, आल्यावर बदलतो. थाळीचं विचारून सांगतो. आई मघापासून विचारतेय, एवढ्या वाटेत एकही गाणं का लावलं नाहीस.